बांगड्या वाढवा

"मुंग्या कधी येतात?" डॉक्टर शेट्यांनी मला विचारलं.

"मुंग्याबिंग्या काय न्हाईत," उत्तर सासूनं दिलं. "दिवसभर त्या मशिनवर टकटक करायची आन् रातच्याला हात झटकत बसायचं. सवय लागलीय."

"रात्री जास्त होतं का?"

"रातीला हिला झोपच न्हाई. आमालाबी न्हाई."

"मी यांना विचारतोय," डॉक्टर म्हणाले.

"मग तेच सांगतीय की मी."

आमची ही पहिली तपासणी अशी झाली. हात माझा, दुखणं माझं, आणि जबानी आत्याबाईंची. सासूला मी आत्याबाई म्हणायची. तोंडावर आत्याबाई आणि मनात जे म्हणायची ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. त्याही मला तोंडावर शशिकला म्हणायच्या आणि शेजारणीपाशी 'आमची टायपिष्टीण'. दोघींनाही दोन्ही नावं माहीत होती. घर तसंच चाललं होतं.

मला सातवा लागला होता. उजव्या हाताला आधी मुंग्या आल्या, मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं जड झाली, आणि मग त्यांना काही कळेचना. करंगळी तेवढी शाबूत. रात्री दोन-तीनदा उठून हात खाली लोंबता सोडून झटकायचा, तेव्हा कुठं जीव यायचा. भाकरी थापताना पीठ ओलं की कोरडं ते बोटांना समजत नव्हतं. त्याचं मला काही वाटलं नसतं, भाकरी डाव्या हातानंही थापता येते. पण येत्या रविवारी सांगलीला माझी टायपिंगची परीक्षा होती. सरकारी कारकुनाची जागा, लेखी परीक्षा पास झालेली, टायपिंग झालं की नोकरी हातात. आणि हातच कामातनं गेला होता.

डॉक्टर मुरलेले होते. त्यांनी माझे दोन्ही तळहात उलटे करून पाठीला पाठ लावायला सांगितली, मनगटं खाली वाकवून तशीच धरायला लावली. थोड्याच वेळात उजवा हात असा पेटला की मी "आई गं" म्हणून सोडूनच दिला. मग त्यांनी मनगटावर बोटानं टिचक्या मारल्या. प्रत्येक टिचकीला मधल्या बोटापर्यंत करंट गेला. डोळे मिटायला लावून टाचणी टोचली.

"टोचतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"करंगळीला?"

"आई गं! हो."

मान इकडंतिकडं वळवून बघितली, पायांना मुंग्या येतात का विचारलं, लघवीतली साखर तपासली. मग समजावून सांगितलं. मनगटात एक अरुंद बोळ असतो, त्यातनं हाताची मोठी नस जाते. गरोदरपणात अंगावर पाणी चढतं, ते त्या बोळातही चढतं आणि नस चेपते. वर टायपिंग. "मानेतनंही असं येतं, साखरेनं येतं, रक्त कमी असलं तरी येतं. तुमचं तसलं काही नाही. रात्री मनगटाखाली पातळ फळी ठेवून पट्टी बांधा, मनगट वाकायला नको. उशाखाली हात घेऊन झोपू नका. बाळंतपणानंतर बहुतेक जणींचं आपोआप उतरतं. नाही उतरलं तर इंजेक्शन आहे, छोटं ऑपरेशन आहे. घाबरायचं कारण नाही."

इतकं सांगून त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. तिसऱ्या महिन्यात चोरओटीला भरलेल्या हिरव्या बांगड्या, हाताला डझनभर, तेव्हा अगदी मापात बसवलेल्या. आता मनगट सुजून त्या मांसात रुतल्या होत्या. दोन बांगड्यांच्या मध्ये कातडी वर आलेली. डॉक्टरांनी एक बांगडी फिरवून बघितली, ती फिरेना.

मग ते आत्याबाईंकडं वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, एवढ्या बांगड्या मात्र वाढवा."

"व्हय, वाढवू की," आत्याबाई म्हणाल्या.

शब्द नीट ऐका, कारण सगळं रामायण त्या एका शब्दावर झालं. आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, काढली म्हणत नाहीत. वाढली म्हणतात, वाढवली म्हणतात. फुटली म्हटलं की नवऱ्याच्या जिवावर येतं. पोटुशी बाई समोर बसलीय, तिच्या सासूला 'फोडून काढा' कसं म्हणायचं, म्हणून त्या भल्या माणसानं बायकांचा शब्द वापरला. आणि हा शब्द आत्याबाईंना कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. सासरे गेले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्यांच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या वाढवल्या होत्या. तेव्हापासून त्यांची मनगटं मोकळी होती.

बसमध्ये आत्याबाई गप्प होत्या. मी म्हटलं, पटलं असेल. कशाचं पटतंय!

संध्याकाळी दिगंबर पेढीवरनं आला. दिगंबर म्हणजे माझा नवरा, तासगावातच बेदाण्याच्या पेढीवर हिशेब लिहायचा. मी टायपिंग शिकले ते त्याच्यामुळंच. त्याला ही सरकारी नोकरी हवी होती, एकटा क्लासला जायचा कंटाळा म्हणून मलाही घातलं. गेल्या साली तो याच परीक्षेला बसला आणि टायपिंगला आपटला. त्याचा वेग वाढेना आणि माझा थांबेना. पण माणूस कसा? एका शब्दानं वावगं बोलला नाही. "मी नाही तर तू," म्हणाला. रात्री माझा हात मांडीवर घेऊन निर्गुडीचं तेल चोळत बसायचा. आई तिकडं आदळआपट करतेय आणि हा इकडं तेल चोळतोय. मला वाटायचं, सासू कशी का असेना, नवरा सोन्यासारखा मिळालाय.

"काय म्हणाले डॉक्टर?" त्यानं चपला काढता काढता विचारलं.

"नस चेपलीय," मी म्हटलं.

"काय न्हाई चेपली," आत्याबाई आतनं म्हणाल्या. "पोटुशीपनात व्हतंय म्हनाले. आन् म्हनाले, बांगड्या वाढवा. गुरवारी डोहाळजेवान हायच, कासारनीला सांगते. हाताला आनी चार-चार वाढवू."

मी उभीच राहिले. "आत्याबाई, वाढवा म्हणजे काढा म्हणाले ते."

"काढा म्हनाले? काढा हा शबुद तू आयकलास?"

"काढा नाही म्हणाले, वाढवा म्हणाले. पण..."

"मग वाढवा म्हनाले का न्हाई? मी तरी काय येगळं सांगतीय?"

"तुम्हाला कळतंय ते काय म्हणाले ते!"

"तुजा हात तुला कळंना, आन् मला काय कळतंय ते तुला कळतंय व्हय गं?"

दिगंबर मध्ये पडला. हळूच म्हणाला, "आई, वाढवा म्हणजे काढाच ना गं?"

"भरल्या पोटाच्या बाईला कोन काढा म्हनल? शिकलेला डाक्टर हाय का खुळा हाय? आन् तू बापय मानूस, तुला रं काय बांगड्यांतलं कळतंय? तू तुजं बेदानं मोज."

तो पाय धुवायला गेला. मी कडाकडा बोलून घेतलं. म्हटलं, तुम्हाला माझी परीक्षा बुडवायचीय, म्हणून हे ढोंग. त्या म्हणाल्या, व्हय, बुडवायचीच हाय. कशाला चोरून बोलू? पोटातलं पोर ती टकटक आयकून किरकिरं व्हईल. बाई हापिसात जानार आन् पोर कुनी सांभाळायचं, मी? माजं काय वय ऱ्हायलंय? असं दणक्यात. लपवाछपवी त्यांच्या अंगात नव्हतीच.

रात्री दिगंबर तेलाची वाटी घेऊन बसला. मी त्याला म्हटलं, "अहो, मीच फोडते उद्या. सरकवून काढणं शक्य नाही, साबण लावून बघितलं."

"थांब गं. आईला डिवचू नकोस. उद्या मला पेढीच्या कामाला सांगलीला जायचंयच. डॉक्टरांकडं जाऊन सरळ विचारतो. डॉक्टरांचं म्हणणं म्हणून आईला सांगितलं की प्रश्न मिटला."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही भीती होती. शिकलेली असले तरी पोटात पोर होतं, आणि सवाष्णीनं भरल्या बांगड्या फोडायच्या म्हणजे माझाही हात उचलत नव्हता. डॉक्टरांचा शब्द आला असता तर मला बळ आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला. "भेटले नाहीत. बाहेरगावी गेलेत, सोमवारी येतील म्हणे."

"सोमवारी? रविवारी परीक्षा आहे!"

"तेवढं डोहाळजेवण होऊ दे ना. चार बायका येणार, आईची हौस आहे. दोन दिवस दम काढ. मी चोळतो की तेल."

चोळलं. मन लावून चोळलं.

मधले दोन दिवस घरात जे यायचं ते माझ्या हाताचं निदान करून जायचं. शेजारच्या पमाकाकू म्हणाल्या, ही वारं जायची लक्षणं, त्यांच्या चुलत दिराचं असंच सुरू झालं आणि अर्धं अंग गेलं. दुधवाला म्हणाला, रक्त आटलंय, बीट खा. आत्याबाई म्हणाल्या, दृष्ट. परीक्षा पास झाल्याचे पेढे गावभर वाटत फिरायला नको होतं. आणि मीठमोहऱ्या घेऊन माझ्यावरनं ओवाळल्या, त्याही इतक्या जोरात की मोहरी डोळ्यात गेली. मी मात्र स्वयंपाकघरात पोळपाट पुढ्यात घेऊन त्याच्यावर बोटं चालवायची, मशिनवर चालवतात तशी. डाव्या हाताची चालायची. उजव्याची दोन बोटं कुठं पडतायत ते डोळ्यांनी बघावं लागायचं.

गुरुवार उजाडला. माझ्या अंगावर हिरवी साडी, डोक्यात फुलांची वाडी, पाटावर बसवलेली. गल्लीतल्या बायका ओटी भरायला आल्या. आत्याबाई मागं दाराशी उभ्या, कारण त्यांनी ओटी भरायची नव्हती. पण हुकूम तिथनंच चालले होते. हिला हळदीकुंकू द्या, तिला खोबरं कमी पडलं, कासारनीला पुढं बसवा.

कासारीण माझ्यापुढं बसली. उजवा हात हातात घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "वैनी, ह्या हाताला जागाच न्हाई ओ. सूज आलीया. डाव्यात घालू का दोन?"

"दोनी हातांत घाल," आत्याबाई म्हणाल्या. "डाक्टरांनीच सांगितलंय वाढवा म्हनून."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मी दिगंबरकडं बघितलं. तो बाहेरच्या खोलीत पंगतीची पानं मांडत होता, दारातनं सगळं दिसत होतं. त्यानं मला नजरेनंच खुणावलं, होऊ दे, होऊ दे.

कासारणीनं तेल लावलं, माझ्या अंगठ्याचं बूड आत दाबलं आणि बांगडी रेटली. एक गेली. दुसरी हाताच्या मधल्या हाडांवर अडकली. तिनं अजून दाबलं, माझी बोटं आवळून धरली, आणि पुन्हा रेटली. कट् असा आवाज झाला.

"वाढली बगा एक," कासारीण म्हणाली. "असू दे, दुसरी घालू."

मी म्हटलं, असू दे. आणि तेवढ्यात पमाकाकू किंचाळल्या. "अगं, रक्त!"

मी खाली बघितलं. माझ्या मांडीवरची हिरवी साडी काळी पडत चालली होती. तर्जनीच्या पेरात काचेचा तुकडा उभा शिरला होता. चांगला आत. कासारणीला दिसलं, पमाकाकूंना दिसलं, दारात उभ्या आत्याबाईंना दिसलं. आणि माझं बोट, माझं स्वतःचं बोट, मला काहीही सांगत नव्हतं. मी काच उपटून काढली तरी कळ आली नाही.

तोपर्यंत मला राग होता. त्या क्षणी मात्र भीती वाटली, आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही एवढी. परीक्षा गेली खड्ड्यात. हे बोट गेलंय. उद्या चुलीतला निखारा लागला तरी मला कळणार नाही. पोर झालं आणि त्याला आंघोळ घातली, तर पाणी ऊन की कढत ते मला कळणार नाही.

मी उठले. आठ किलोचं पोट घेऊन जमेल तेवढ्या झटक्यात उठले. न्हाणीत गेले, कपडे धुवायच्या दगडापाशी बसले आणि मनगट त्याच्यावर आपटलं. एकदा, दोनदा. काचा सगळीकडं उडाल्या. उजवा हात मोकळा केला, मग डावा. मागं बायकांचा नुसता गलका. कुणी कानांवर हात ठेवले, कुणी "अरे देवा" म्हणून भिंतीकडं तोंड केलं. त्या आवाजाला आपल्याकडं एकच अर्थ.

आत्याबाई न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. घसा फुटेपर्यंत ओरडल्या, "माजं पोरगं जितं हाय गं! माजं पोरगं जितं हाय!"

"मग त्याला जिताच राहू दे," मी म्हटलं. "माझा हात का मारताय?"

बायका न जेवता गेल्या. पानं तशीच मांडलेली. दिगंबर माझ्या बोटाला पट्टी बांधायला आला तेव्हा त्याला गाठच मारता येईना. मी म्हटलं, "घाबरू नका, तुम्हाला काही होत नाही त्यानं." बिचारा घाबरलाय, असं मला खरंच वाटलं.

आत्याबाई माझ्याशी त्या दिवसानंतर परीक्षेपर्यंत बोलल्या ते एकच वाक्य. शनिवारी रात्री पानं वाढता वाढता भिंतीकडं बघून म्हणाल्या, "मोकळ्या हातानं ज्यानं कुनी उंबरा वलांडला, त्यानं परत यायचं ठिकान बगून ठेवावं."

"बघितलंय," मी म्हटलं. काहीही बघितलेलं नव्हतं.

त्या काळी टायपिंगच्या परीक्षेला आपलं मशीन आपणच न्यायचं. क्लासमधनं भाड्यानं घ्यायचं, बसमध्ये मांडीवर ठेवायचं, केंद्रावर टेबल शोधून मांडायचं. दिगंबरनं ते सगळं केलं. दोन्ही हातांत मशीन उचलून माझ्यापुढं चालला. एसटीत एका बाईनं माझं पोट बघितलं, मग मोकळी मनगटं बघितली, आणि "अरेरे" म्हणून मला खिडकीची जागा दिली. मी मागं नवरा उभा आहे म्हणून सांगितलं नाही. ऊन येत होतं, खिडकी बरी होती.

तीन रात्री फळी बांधून झोपले होते. बांगड्या निघाल्यापासून हाताची ठणक कमी झाली होती, मधलं बोट थोडं जागं झालं होतं. तर्जनीला पट्टी. पण खरा घोळ अंगठ्याचा झाला. दोन शब्दांमधली जागा उजव्या अंगठ्यानं सोडायची असते. माझा अंगठा मशिनची लांब पट्टी दाबली असं समजायचा आणि ती दाबलेलीच नसायची. पहिल्याच ओळीत तीन शब्द एकमेकांना चिकटले. मी बघितलं, आणि ठरवून टाकलं की हा अंगठा आता माझा नव्हे. डाव्या अंगठ्याला कामाला लावलं. त्याला कधी सवय नव्हती. बाजूचे पन्नास जण खडखड पुढं चाललेत आणि मी एकेका शब्दानंतर आठवण करतेय, डावा, डावा, डावा. घंटा झाली तेव्हा माझा शेवटचा शब्द अर्धा होता. वेग पुरला की नाही ते मला सांगता आलं नसतं.

घरी परत आले. आत्याबाईंनी दार उघडलं, बाजूला झाल्या, बोलल्या नाहीत. घालवून दिलं नाही, तेवढ्यावर मी आत गेले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडं परत जायचं होतं. आत्याबाई बरोबर आल्याच. नातवंडाची तपासणी आहे, तुझी नव्हे, म्हणाल्या. दिगंबर औषधाच्या दुकानात थांबला आणि आम्ही दोघी आत गेलो.

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला आणि खूश झाले. "वा! छान केलंत. सूज उतरलीय. तर्जनीला काय झालं?"

"काच लागली."

"जपा. अंगठ्याच्या बुडाचं मांस अजून झिजलेलं नाही, म्हणजे वेळेत सुटलात. मला काळजी वाटत होती. म्हणूनच मी तुमच्या मिस्टरांना दुसऱ्या दिवशी ताकीद दिली होती."

"कुणाला?" मी विचारलं.

"तुमच्या मिस्टरांना. आले होते ना ते? बुधवारी... नाही, मंगळवारीच. विचारत होते, वाढवा म्हणजे काढायच्या का. म्हटलं, हो, काढायच्या, फोडून काढा, आजच काढा. त्या राहिल्या तर नस कायमची जाईल, मग टायपिंग विसरा, साधी सुई धरता यायची नाही. त्यांनी परत परत विचारलं, कायमची म्हणजे कायमची का. मी म्हटलं, कायमची."

मी आत्याबाईंकडं बघितलं. डॉक्टरांनी पुढं काहीतरी विचारलं, झोप लागते का असं काहीतरी. आत्याबाईंनी उत्तर दिलं नाही. त्या बाईनं माझ्या वतीनं उत्तर दिलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

बाहेर आलो तर दिगंबर गोळ्यांची पुडी घेऊन उभा होता, हसतमुख. "काय म्हणाले?"

आत्याबाई त्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. "डाक्टर गावाला गेलता म्हनलास न्हवं?"

तो हसला, मग हसायचा थांबला. माझ्याकडं बघितलं. डोळ्यापुढं ती तेलाची वाटी येत होती. सगळं माहीत असून हा माणूस रोज रात्री माझ्या रुतलेल्या बांगड्यांच्या वरनं तेल चोळत होता.

"आई, तूच म्हणत होतीस ना, परीक्षा नको म्हणून. मी तुझंच..."

"मी म्हनत हुते. मला काय ठावं नस जातीया? चार मुंग्या येतात तर येऊ द्या म्हनलं. तुला डाक्टरनं सांगितलंतं, हात जाईल. सांगितलंतं का न्हाई?"

"गावात सगळ्यांना माहीताय मी नापास झालो ते," तो पुटपुटला. "ही पास झाली तर मी तोंड कुठं दाखवू?"

रस्त्यावर माणसं होती. रिक्षावाले बघत होते. आत्याबाईंना कशाचं भान नव्हतं. माझ्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, "मी हिची वैरीन हाय. लगीन झाल्यापास्नं हाय, मरुस्तवर ऱ्हाईन. जे केलं ते हिच्या तोंडावर केलं, चार बायकांत केलं. तू हिचा कोन हायस रं?"

मी आणि आत्याबाई बसमध्ये बसलो. तो मागच्या बसनं आला.

निकाल लागला, मी पास झाले. काठावर, पण पास. मुलगी झाली, आणि डॉक्टर म्हणाले तसं दीड-दोन महिन्यांत बोटांत जीव आला. आधी मधल्या, मग अंगठ्यात. तर्जनीच्या पेरावर काच गेली तेवढा ठिपका अजून मुका आहे, तो आहेच. नेमणूक जतला मिळाली. दिगंबर म्हणाला, जाऊ नकोस, लोक काय म्हणतील. मी त्याच्याशी भांडले नाही. त्याच्याशी भांडायला माझ्यापाशी काहीच उरलं नव्हतं. मी माझी ट्रंक भरायला घेतली.

भरता भरता बघते तर आत्याबाई त्यांची दोन लुगडी घडी करून माझ्याच ट्रंकेत घालतायत. वर कुंची, गुटीचा डबा, बाळाचं काजळ.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं. "माझ्याबरोबर राहणार तुम्ही? माझ्या हातचं खाणार?"

"तुज्या हातचं कशाला खातीय? माजं मी करून खाईन."

"मग येताय कशाला? मी बोलावलेलं नाही."

त्यांनी लेकीला पाळण्यातनं उचलून खांद्यावर टाकलं, ट्रंकेचं झाकण पायानं बंद केलं आणि माझ्यावर डोळे वटारले. "पोर माजी नात हाय. तुज्यावर सोडू व्हय? टायप करून भरवशील तिला?"